शिडी आणि चाळणी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



१९२२ सालच्या ऑक्टोबर महिन्यात वीस वर्षांचा एक बिहारी तरुण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर उतरला. आदल्या वर्षी असहकाराच्या हाकेला ओ देऊन, परीक्षा तोंडावर आलेली असताना, त्याने पाटण्याचे सरकारी कॉलेज सोडले होते. सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत पुन्हा पाऊल ठेवायचे नाही हा निश्चय एकीकडे आणि विज्ञान शिकण्याची ओढ दुसरीकडे. त्यातून हा सातासमुद्रापारचा मार्ग त्याने पत्करला. १९२३ च्या जानेवारीत त्याला बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात प्रवेश मिळाला. शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी त्याने मळ्यांत द्राक्षे तोडली, ती वाळवली, डबाबंद फळांच्या कारखान्यात काम केले, उपाहारगृहात बश्या धुतल्या. इतके करूनही बर्कलीचे शुल्क जेव्हा दुप्पट झाले तेव्हा ते त्याच्या आवाक्याबाहेर गेले. त्याने बर्कली सोडली आणि तो आयोवा विद्यापीठात गेला. पुढे विस्कॉन्सिन, त्यानंतर ओहायो. विस्कॉन्सिनमध्ये त्याची मार्क्सशी गाठ पडली, रसायनशास्त्र मागे पडून समाजशास्त्र पुढे आले, आणि १९२९ साली ओहायोची एम. ए. पदवी घेऊन तो मायदेशी परतला. त्या तरुणाचे नाव जयप्रकाश नारायण.

पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. १९३२ साली नाशिकच्या तुरुंगात अच्युतराव पटवर्धन, अशोक मेहता, मिनू मसानी यांच्या सहवासात समाजवादी पक्षाची कल्पना आकाराला आली आणि १९३४ साली पाटण्यास काँग्रेस समाजवादी पक्षाची स्थापना झाली. जयप्रकाशांच्या अमेरिकेतील वास्तव्याविषयी बोलताना त्यांच्या कष्टांचा आणि मार्क्सच्या वाचनाचा उल्लेख हटकून होतो. तिसऱ्या एका गोष्टीकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. शुल्कवाढीने त्यांना एका विद्यापीठातून बाहेर काढले, पण शिक्षणातून बाहेर काढले नाही. एका सार्वजनिक विद्यापीठाचा दरवाजा लागला तेव्हा दुसऱ्या राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठाचा दरवाजा उघडा होता, आणि एका ठिकाणी केलेला अभ्यास दुसऱ्या ठिकाणी मोजला जाण्याची पद्धत तेथे रुळलेली होती.

ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही. आपल्याकडची विद्यापीठे १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभी राहिली. त्या व्यवस्थेत सारा भर वार्षिक परीक्षेवर. विद्यार्थी वर्षभर शिकला आणि परीक्षेच्या आठ दिवस आधी आजारी पडला, बापाला मजुरीत मदत करायला गावी गेला, किंवा देशासाठी तुरुंगात गेला, तर त्याचे ते वर्ष जणू उगवलेच नव्हते. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ऐच्छिक विषयांची पद्धत आली आणि तिच्याबरोबर अभ्यासाचे लहान लहान भाग पाडून त्यांचा हिशेब ठेवण्याची रीत आली. त्या भागांनाच आज श्रेयांक म्हणतात. पुरेसे श्रेयांक जमले की पदवी. याचा अर्थ असा की शिकलेले शिकलेच. ते विद्यार्थ्याच्या खात्यावर राहिले आणि त्याच्याबरोबर गावोगाव जाऊ शकले.

आज आपल्या देशातही श्रेयांकांची भाषा सुरू झाली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ती आणली आणि २०२१ साली श्रेयांकांची पेढीही स्थापन झाली. अशा वेळी ज्या प्रांताने ही व्यवस्था सर्वांत मोठ्या प्रमाणावर राबवली त्या कॅलिफोर्नियाचा अनुभव तपासून पाहणे अगत्याचे आहे. तो अनुभव एकाच वेळी आशादायक आणि धडा शिकवणारा आहे.

एक करार आणि त्याची किंमत

कॅलिफोर्नियात १९०७ सालच्या कायद्याने माध्यमिक शाळांना पुढील शिक्षणाचे वर्ग काढण्याची मुभा मिळाली आणि १९१० साली फ्रेस्नो या शेतीप्रधान गावी तेथील पहिले ‘ज्युनियर कॉलेज’ निघाले. आपल्याकडच्या अकरावी-बारावीच्या ज्युनियर कॉलेजशी याची गल्लत करू नये. तेथील ज्युनियर कॉलेज म्हणजे पदवीच्या चार वर्षांपैकी पहिली दोन वर्षे शिकवणारी, स्थानिक करांतून चालणारी, घरापासून जवळची संस्था. पुढे यांनाच कम्युनिटी कॉलेज हे नाव पडले. दोन वर्षे येथे काढायची, उरलेली दोन वर्षे विद्यापीठात जाऊन पुरी करायची, आणि पदवी मात्र विद्यापीठाचीच घ्यायची, अशी ही योजना होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर विद्यार्थ्यांचा लोंढा येऊ लागला तेव्हा १९६० साली कॅलिफोर्नियाने उच्च शिक्षणाचा बृहत् आराखडा कायद्याने स्वीकारला. पॅट ब्राउन हे तेव्हा गव्हर्नर होते, आणि विद्यापीठाचे अध्यक्ष क्लार्क कर हे आराखड्याचे प्रमुख शिल्पकार. आराखड्याने तीन पायऱ्या आखल्या. शाळेतून उत्तीर्ण होणाऱ्यांपैकी वरच्या साडेबारा टक्क्यांना कॅलिफोर्निया विद्यापीठ, वरच्या एक तृतीयांशांना राज्य महाविद्यालये, आणि शिक्षणाचा लाभ घेऊ शकणाऱ्या प्रत्येकाला ज्युनियर कॉलेज. राज्यातील रहिवाशांना शिक्षण निःशुल्क असावे हे तत्त्वही त्यात पुन्हा नमूद झाले.

ही मांडणी पाहून जगभरच्या शिक्षणतज्ज्ञांनी माना डोलावल्या. परंतु तिची दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. त्याआधी विद्यापीठात वरच्या सुमारे पंधरा टक्क्यांना आणि राज्य महाविद्यालयांत वरच्या सुमारे निम्म्यांना प्रवेश होता. म्हणजे लोकशाहीची शिडी म्हणून जिचा गौरव झाला त्या योजनेने वरचे दोन्ही दरवाजे आधीपेक्षा अरुंद केले! विद्यापीठात एक विद्यार्थी शिकवण्याचा खर्च मोठा, ज्युनियर कॉलेजात तो थोडा. तेव्हा वाढत्या विद्यार्थ्यांना खालच्या पायरीकडे वळवावे आणि सरकारी तिजोरी सांभाळावी, हा हिशेब त्यामागे उघड होता.

मग ज्यांना वरचे दार बंद झाले त्यांना समाजाने काय दिले? तर एक वचन. आज तुम्ही खालच्या पायरीवर उभे असाल, पण दोन वर्षे नीट अभ्यास केलात तर तिसऱ्या वर्षी विद्यापीठात तुमची जागा राखलेली असेल. हे वचन केवळ गोड शब्दांचे नव्हते. विद्यापीठाने आणि राज्य महाविद्यालयांनी आपल्या पदवीपूर्व विद्यार्थ्यांपैकी पहिल्या दोन वर्षांत चाळीस टक्के आणि शेवटच्या दोन वर्षांत साठ टक्के असे प्रमाण ठेवावे, असे ठरले. खालून येणाऱ्यांसाठी वर जागा रिकामी राहावी म्हणून हे गणित होते. सारांश, अरुंद केलेल्या दरवाजाची भरपाई म्हणून हा जिना बांधला गेला. जिना चालू राहिला तर करार न्याय्य. जिना मोडला तर उरते ती केवळ उतरंड. संपूर्ण व्यवस्थेचे नैतिक अधिष्ठान त्या एका सांध्यावर उभे होते.

आराखडा झाला त्याच १९६० साली बर्टन क्लार्क या समाजशास्त्रज्ञाने एक निबंध प्रसिद्ध केला. कॅलिफोर्नियातीलच सॅन होजे येथील ज्युनियर कॉलेजचा त्याने अभ्यास केला होता. त्याचे निरीक्षण असे की, बहुसंख्य विद्यार्थी विद्यापीठात जाण्याची इच्छा घेऊन येतात, पण जाऊ शकणारे थोडेच असतात. आणि चाचण्या, समुपदेशन, ‘तुम्हाला दुसरा अभ्यासक्रम अधिक जमेल’ असा सल्ला, यांच्या साहाय्याने उरलेल्यांना हळूहळू थंड केले जाते. ‘थंड करणे’ हा शब्दप्रयोग त्याने अर्व्हिंग गॉफमन या दुसऱ्या समाजशास्त्रज्ञाकडून घेतला होता, आणि गॉफमनने तो ठगांच्या बोलीतून उचलला होता. ठगांच्या टोळीने एखाद्याला लुबाडले की टोळीतलाच एक जण मागे राहून त्याची समजूत घालतो, म्हणजे तो पोलिसांत जात नाही! क्लार्कच्या मनात या संस्थांविषयी वैरभाव नव्हता. तरीही त्याने जे दाखवले ते भयंकर होते. दरवाजा बंद केल्याचा दोष समाजावर येऊ नये, विद्यार्थ्याने तो स्वतःकडे घ्यावा, हे या यंत्रणेचे न बोललेले काम असू शकते.

सांधा कोठे निखळला

त्यानंतरच्या साठ-पासष्ट वर्षांत काय घडले?

पहिला घाव पैशाचा. रोनाल्ड रेगन गव्हर्नर झाल्यावर १९६७ च्या जानेवारीत विद्यापीठाच्या विश्वस्तांनी क्लार्क कर यांना पदावरून दूर केले. १९७० साली विद्यापीठाने ‘शैक्षणिक फी’ या नावाने शुल्क सुरू केले, कारण ‘ट्यूशन’ हा शब्द उच्चारण्याची तेव्हा अजून लाज वाटत होती. १९७८ साली ‘प्रपोझिशन १३’ हा मालमत्ताकराला लगाम घालणारा ठराव सार्वमताने संमत झाला. घरमालकांना दिलासा मिळाला. पण कम्युनिटी कॉलेजे याच स्थानिक करावर उभी होती, त्यांच्या पायाखालची वाळू सरकली. १९८४ साली त्यांनीही पहिल्यांदा शुल्क लावले, सत्राला पन्नास डॉलर. २०१२ पासून ते एका श्रेयांकाला ४६ डॉलर आहे. विद्यापीठाचे वार्षिक शुल्क तर आज राज्यातील विद्यार्थ्यालाही १४ हजार डॉलरांच्या वर गेले आहे. गरिबांना माफी आहे, शिष्यवृत्ती आहे, हे खरे. परंतु फी माफ झाली तरी घरभाडे माफ होत नाही. ज्या शहरांत ही विद्यापीठे आहेत तेथील भाडे भरण्यासाठी विद्यार्थी कामावर जातो, कामासाठी एकदोन विषयच घेतो, आणि दोन वर्षांची पायरी चढायला त्याला चार-पाच वर्षे लागतात.

दुसरा घाव अधिक सूक्ष्म आहे, आणि म्हणून त्याची चर्चा कमी होते. तो आहे हिशेबाचा. कॅलिफोर्नियात आज ११६ कम्युनिटी कॉलेजे आहेत. पदवीपूर्व शिक्षण देणारी विद्यापीठाची केंद्रे नऊ, शिवाय राज्य विद्यापीठाच्या वीसहून अधिक शाखा. कोणत्या कॉलेजातला कोणता विषय कोणत्या केंद्रातल्या कोणत्या विभागाला चालतो, याचे परस्परांत करार करावे लागतात. अशा करारांची संख्या किती होईल याची नुसती कल्पना करावी. ते विद्यार्थ्यांना पाहता यावेत म्हणून १९८५ साली एक सामायिक माहितीकोश निघाला. तरीही एकाच विषयासाठी एक केंद्र गणिताचे तीन अभ्यासक्रम मागते, दुसरे चार. एक विभाग प्रयोगशाळेचे श्रेयांक मान्य करतो, दुसरा करत नाही. वकिलाच्या घरचा मुलगा हे जाळे ओलांडतो, कारण कोणाला विचारावे हे त्याच्या घरात ठाऊक असते. शेतमजुराची मुलगी तिसऱ्या वर्षाच्या दारात पोहोचल्यावर तिला कळते की आपले दोन विषय धरलेच गेले नाहीत.

हे नुकसान किती मोठे असते? अमेरिकेच्या संसदेसाठी काम करणाऱ्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ साली काढलेल्या अंदाजानुसार, २००४ ते २००९ या काळात संस्था बदललेल्या विद्यार्थ्यांचे सरासरी ४३ टक्के श्रेयांक वाया गेले. ही सरासरी संपूर्ण देशाची आणि सर्व तऱ्हेच्या संस्थांची आहे. सार्वजनिक संस्थेतून सार्वजनिक संस्थेत जाणाऱ्यांचे नुकसान त्याहून कमी असते. पण शंभर दिवस काम केलेल्या मजुराला सत्तावन्न दिवसांचीच मजुरी हातावर ठेवली तर त्याला आपण काय म्हणतो? शोषण म्हणतो. विद्यार्थ्याच्या बाबतीत त्याला ‘अभ्यासक्रमाची समकक्षता न आढळणे’ असे भारदस्त नाव आहे, एवढाच फरक.

आणि शेवटी निकालाचा आकडा. कॅलिफोर्नियाच्या राज्य लेखापरीक्षकाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे, २०१७ ते २०१९ या काळात पुढे विद्यापीठात जाण्याच्या उद्देशाने कम्युनिटी कॉलेजात दाखल झालेल्यांपैकी चार वर्षांच्या आत जाऊ शकले ते अवघे २१ टक्के. कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकी वंशाच्या विद्यार्थ्यांत हे प्रमाण आणखी कमी. १९६० सालचे वचन पाच जणांना दिले होते. पाळले गेले ते एकाच्या बाबतीत.

दोष विद्यार्थ्याचा की सांध्याचा?

यावर व्यवस्थेचे समर्थक एक युक्तिवाद करतात. या विद्यार्थ्यांची तयारीच कच्ची असते, अनेकांना नोकरीपुरतेच शिकायचे असते, काहींचे मन बदलते. त्यांना ओढून विद्यापीठात नेण्यात काय हशील? या युक्तिवादात थोडे तथ्य आहे. कम्युनिटी कॉलेजात येणारा प्रत्येक जण पदवीसाठी येत नाही, आणि परिचारिकेचे वा यंत्रदुरुस्तीचे शिक्षण पदवीहून हलके मानणे हे समाजवाद्याला शोभणारे नाही. परंतु वर दिलेला आकडा ज्यांनी पुढे जाण्याचा उद्देश ठेवला होता त्यांच्यातलाच आहे.

शिवाय जे पार होतात त्यांचे काय होते ते पाहावे. राज्य विद्यापीठाच्या पदवीधरांपैकी सुमारे निम्मे आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या पदवीधरांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक हे कम्युनिटी कॉलेजातून आलेले असतात. विद्यापीठात पोहोचल्यावर ते पहिल्या वर्षापासून तेथे असलेल्यांच्या जवळपास बरोबरीने पदवी पुरी करतात. पार होणारे निवडकच असतात, असे कोणी म्हणेल. ते मान्य केले तरी एवढे सिद्ध होते की खालच्या पायरीवरचे शिक्षण टाकाऊ नाही. गळती होते ती सांध्यापाशी. नळ फुटला असता पाण्याला दोष देण्यात अर्थ नसतो.

सांधा दुरुस्त होऊ शकतो, हेही अनुभवाने दिसले आहे. फ्लोरिडा राज्याने १९७१ सालीच सर्व सार्वजनिक संस्थांना बांधील असा करार केला आणि त्याच दशकात राज्यभर अभ्यासक्रमांना समान क्रमांक देण्याची पद्धत आणली. एकच विषय, एकच क्रमांक. मग तो कोठेही शिकलेला असो. कॅलिफोर्नियाला समान क्रमांकांचा सक्तीचा कायदा करायला २०२१ साल उजाडावे लागले. त्याआधी २०१० सालच्या कायद्याने दोन वर्षांची एक विशेष पदवी निर्माण झाली. कॉलेजात ६० श्रेयांक मिळवून ती घेणाऱ्याला राज्य विद्यापीठात जागेची हमी आणि तेथे आणखी ६० श्रेयांकांत पदवी. मात्र जागा हव्या त्या शाखेत मिळेलच अशी हमी त्यात नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाला तर हा कायदा लागूच नव्हता, कारण १८७९ च्या राज्यघटनेने त्याला स्वायत्तता दिलेली आहे. त्या विद्यापीठाच्या नऊपैकी सहा केंद्रे अटी पुऱ्या करणाऱ्यांना प्रवेशाची हमी देतात. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो ही सर्वाधिक मागणी असलेली तीन केंद्रे देत नाहीत.

येथे स्वायत्ततेचा प्रश्न नीट समजून घेतला पाहिजे. विद्यापीठाची स्वायत्तता ही सत्ताधाऱ्यांच्या हस्तक्षेपापासून विचारस्वातंत्र्य जपण्यासाठी असते, आणि तिच्यासाठी समाजवाद्यांनी नेहमीच झुंज दिली पाहिजे. पण शेजारच्या गावातील सार्वजनिक कॉलेजात शिकलेले गणित आपल्या गणिताहून वेगळे आहे असे ठरवण्याचा अनिर्बंध अधिकार म्हणजे स्वायत्तता नव्हे. तो प्रतिष्ठेचा सोवळेपणा आहे. महाराष्ट्राला सोवळ्याचे शास्त्र निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

आपल्या दारातला प्रश्न

म्हणूनच आपल्या देशातील नव्या व्यवस्थेकडे डोळसपणे पाहिले पाहिजे. २०२० च्या धोरणाप्रमाणे एक वर्षाने बाहेर पडणाऱ्याला प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी. श्रेयांक पेढीत जमा राहतील आणि विद्यार्थ्याला पुन्हा परत येता येईल, दुसऱ्या संस्थेतही जाता येईल. कल्पना स्वागतार्ह आहे. घरची शेती बुडाली म्हणून कॉलेज सोडलेल्या मुलाचे, लग्न लावून दिले म्हणून शिक्षण थांबलेल्या मुलीचे पहिले वर्ष यापुढे मातीमोल होऊ नये, ही मागणी तर आपलीच आहे.

पण कॅलिफोर्नियाचा धडा हा की खाते उघडणे वेगळे आणि खात्यावरची रक्कम बाजारात चालणे वेगळे. पेढीत श्रेयांक आहेत, पण ते घेण्यास कोण बांधील आहे? तिसऱ्या वर्षात जागाच रिकामी नसेल तर परतीचा हक्क कोणत्या दाराशी बजावायचा? बाहेर पडण्याचे दरवाजे रुंद आणि आत येण्याचे अरुंद राहिले, तर पूर्वी ज्याला गळती म्हणत त्यालाच प्रमाणपत्राचा कागद जोडून दिल्यासारखे होईल. विद्यार्थ्याच्या हाती कागद, सरकारच्या डोक्यावरून ओझे उतरलेले, आणि दोष मात्र ज्याने मध्येच सोडले त्याचा. बर्टन क्लार्कने वर्णिलेले ‘थंड करणे’ याहून वेगळे कोणते?

योग्य मार्ग कोणता हे दाखवणारा एक नमुना महाराष्ट्रातच आहे. तंत्रनिकेतनातून पदविका घेतलेला विद्यार्थी अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेऊ शकतो. दहावीनंतर तंत्रनिकेतनाची वाट धरलेल्या ग्रामीण आणि कामगार कुटुंबांतील किती तरी मुलांना या वाटेने अभियंता होता आले. ही वाट चालते याचे कारण तिला नियमाचा आधार आहे. दुसऱ्या वर्षाला त्यांच्यासाठी जागा ठरवलेल्या असतात, प्रवेशाची प्रक्रिया राज्यभर एकच असते, आणि पदविका चालेल की नाही हे प्रत्येक महाविद्यालयाच्या लहरीवर सोडलेले नसते. कला, वाणिज्य आणि विज्ञान शाखांच्या विद्यार्थ्यांनाही हाच न्याय का नसावा?

तेव्हा मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. पहिली, जागेची. प्रत्येक सार्वजनिक विद्यापीठाने दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षात बाहेरून व परतून येणाऱ्यांसाठी ठरावीक जागा राखाव्यात आणि त्यांत सामाजिक आरक्षण पूर्णपणे पाळावे. दुसरी, मान्यतेची. एका सार्वजनिक संस्थेने दिलेला श्रेयांक दुसऱ्या सार्वजनिक संस्थेने स्वीकारलाच पाहिजे. नाकारायचा असेल तर कारण लेखी देण्याची जबाबदारी संस्थेवर असावी, पटवून देण्याची विद्यार्थ्यावर नव्हे. तिसरी, निर्वाहाची. तालुक्याच्या गावातून विद्यापीठाच्या शहरात येणाऱ्याला वसतिगृह आणि निर्वाहभत्ता नसेल तर पहिल्या दोन मागण्या कागदावरच राहतील. शुल्कवाढीने जयप्रकाशांसारख्या कष्टाळू विद्यार्थ्यालाही बर्कली सोडावी लागली हे विसरता कामा नये. चौथी, हिशेबाची. किती जण बाहेर पडले, किती परतले, किती श्रेयांक नाकारले गेले, आणि ते कोणत्या जातीचे, कोणत्या जिल्ह्याचे, स्त्रिया किती, हे प्रत्येक विद्यापीठाने दरवर्षी जाहीर करावे. कॅलिफोर्नियात २१ टक्के हा आकडा निदान सरकारी लेखापरीक्षक मोजतो आणि छापतो. जे मोजले जात नाही त्याची लाजही कोणाला वाटत नाही.

१८८२ साली हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी एका मूलभूत लबाडीवर बोट ठेवले होते. सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून आणि शिक्षणावर तो खर्च होतो वरच्या वर्गांवर. का, तर वरच्यांना शिकवले की विद्या आपोआप खाली झिरपेल! ती झिरपली नाही. आता सांगितले जाते की विद्या खाली झिरपण्याची वाट पाहू नका, विद्यार्थीच खालून वर चढेल. हे तत्त्व निश्चितच अधिक चांगले आहे. पण पायऱ्यांमधले अंतर कोणी मोजत नसेल आणि सांधे कोणी तपासत नसेल, तर शिडी आणि चाळणी यांत नावापुरताच फरक उरतो. शिडीवरून माणसे वर जातात. चाळणीतून ती खाली पडतात, आणि वर जे राहते त्याला गुणवत्ता म्हटले जाते.

बर्कलीतून बाहेर पडलेला एक विद्यार्थी आयोवात बसू शकला म्हणून भारतीय समाजवादी चळवळीला जयप्रकाश मिळाले. असे किती विद्यार्थी आज एका दारातून बाहेर पडून दुसऱ्या दाराशी उभे आहेत, याची गणती कोणाकडे नाही. ते दार उघडण्यासाठी कोणाच्या कृपेची वाट पाहू नये. जो अभ्यास त्यांनी केला तो त्यांच्या मालकीचा आहे, आणि श्रमाचे फळ श्रम करणाऱ्याला मिळाले पाहिजे, हे तर आपल्या चळवळीचे पहिले सूत्र आहे. विद्यार्थ्याचा अभ्यास हाही श्रमच आहे.